गोल्डफिशच्या गालांवर पांढरे ठिपके. तीन दिवस औषध देऊनही मासा तळाशीच

काचघर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १०५ लिटरची टाकी असून तिच्यात दोन गोल्डफिश आहेत, दोन्ही शेपटीसह दहा-बारा सेंटिमीटरचे. त्यांतला केशरी मासा गेल्या शनिवारपासून तळाशी कोपऱ्यात बसून राहतो आणि पर अंगाशी घट्ट मिटून घेतो. दाणे टाकले की वर येतो खरा, पण तोंडात घेतलेला दाणा पुन्हा बाहेर टाकतो. नीट पाहिल्यावर त्याच्या दोन्ही गालांवर, म्हणजे कल्ल्यांच्या झाकणांवर, बारीक पांढरे ठिपके दिसले. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असणार असे समजून मी मिथिलिन ब्लू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात सलग तीन दिवस टाकले. पाणी निळेशार झाले, पण ठिपके तसूभरही कमी झाले नाहीत, आणि आज सकाळी तर मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेत होता. दुसरा, पांढरा-लाल मासाही आता सुस्त वाटू लागला आहे. मात्रा दुप्पट करावी की औषध बदलावे? पाण्याचा दोष असेल असे वाटत नाही, कारण पाणी काचेसारखे स्वच्छ होते आणि औषध सुरू करण्याच्या दोनच दिवस आधी मी फिल्टर संपूर्ण धुऊन काढला होता.

बुडबुडा

ठिपके म्हणजे इक, तोच परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, यात शंका नाही. हीटर लावून तापमान ३० अंशांवर न्यावे आणि औषध चालू ठेवावे. माझ्या टाकीत गेल्या वर्षी हेच झाले होते आणि दहा दिवसांत सर्व मासे बरे झाले. जोडीला प्रतिजैविकाची एखादी कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली तर दुय्यम संसर्गही टळेल.

शेवाळवेडी

काचघर, कृपया मात्रा दुप्पट करू नका, आणि हीटरला तूर्त हातही लावू नका. तुमच्या लिखाणातले शेवटचे वाक्य मला ठिपक्यांपेक्षा अधिक काळजीचे वाटते. फिल्टर धुतलात तो कोणत्या पाण्याने? नळाच्या पाण्याने, स्पंज पिळून पिळून पांढरा होईपर्यंत धुतला असेल, तर माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तुम्ही स्वतःच्या हातांनी मोरीत सोडून दिलेत, आणि जे थोडे उरले त्यांच्यावर मिथिलिन ब्लूचा मारा झाला, कारण ते औषध या जिवाणूंनाही घातक आहे. अमोनियाला रंग नसतो आणि मासे आजारी पडतात एवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. पाणी काचेसारखे दिसते आणि माशाचे कल्ले मात्र भाजत असतात.

चार गोष्टी सांगा. फिल्टर कशाने धुतला. टाकीत नवा मासा किंवा नवी वनस्पती शेवटची कधी आली. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच यांचे आकडे काय आहेत. आणि ठिपके फक्त गालांवर आहेत की शेपटीवर, पाठीवरही आहेत. शक्य असल्यास बाजूने टॉर्चचा उजेड पाडून भिंगातून पाहा. मात्र या उत्तरांसाठी थांबू नका. आज, आत्ता, अर्धे पाणी बदला. नवे पाणी क्लोरीननाशक घातलेले आणि टाकीतल्या पाण्याच्या तापमानाशी एक-दोन अंशांत जुळणारे असावे. फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवा, म्हणजे उरलेले औषध तो शोषून घेईल. एअरस्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, पूर्ण जोरात चालवा आणि दाणे दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवा. एवढ्या आकाराचा गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते न खाल्लेले दाणे तळाशी कुजल्याने.

जुनी टाकी

शेवाळवेडींच्या सल्ल्याला एक पुस्ती जोडतो. चाचणी करताना निळ्या पाण्यामुळे फसगत होऊ शकते. थेंबांच्या संचात अमोनियाचा रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे जातो, आणि पाण्यात आधीच निळा रंग असेल तर अमोनिया नसतानाही नळी हिरवी दिसेल. म्हणून पाणी बदलून, कोळशाने निळेपणा पुरेसा फिका झाल्यावर मोजा. नुसत्या पट्ट्या वापरत असाल तर त्यांतल्या बऱ्याच संचांत अमोनियाची खूणच नसते, तेव्हा खोक्यावर आधी पाहून घ्या. नळाच्या पाण्याचाही अमोनिया आणि पीएच एकदा मोजून ठेवा.

तुम्ही टाकी १०५ लिटरची म्हणता, तो आकडा काचेच्या मापांवरून काढला असावा. पाणी प्रत्यक्षात कुठवर भरले आहे आणि तळाशी खडी किती आहे, हेही सांगा. औषध नेहमी प्रत्यक्ष पाण्यावर मोजायचे असते.

काचघर

दोघांचेही आभार. होय, स्पंज नळाखाली धरूनच धुतला. तो इतका घाण होता की स्वच्छ केल्याचे मला समाधान वाटले होते. आता ओशाळल्यासारखे झाले आहे. नवा मासा किंवा वनस्पती गेल्या आठ महिन्यांत आलेली नाही. टाकीची लांबी ७५, रुंदी ३५ आणि उंची ४० सेंटिमीटर आहे, पाणी ३५ सेंटिमीटरपर्यंत असते आणि तळाशी चार बोटे खडी आहे.

दुपारी अर्धे पाणी बदलले, कोळसा घातला. रात्री मोजले तेव्हा अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटर, नायट्राइट ०.२५, पीएच ८ आणि तापमान २५ अंश होते. नळाच्या पाण्यात अमोनिया शून्य आणि पीएच ८ च आहे. अर्धे पाणी बदलल्यावर २, म्हणजे आधी चारच्या आसपास असणार.

भिंगातून पाहिले. ठिपके फक्त गालांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काट्यावर ओळीने आहेत, दोन्ही बाजूंना सारखेच. शेपटी आणि पाठ स्वच्छ आहे. परांवरचे ठिपके टोकदार दिसतात, करवतीच्या दातांसारखे.

शेवाळवेडी

तो रोग नव्हे, काचघर. तुमचा केशरी मासा बहुधा नर आहे आणि वयात आला आहे. प्रजननकाळ जवळ आला की नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पहिल्या काट्यावर असे कठीण, टोकदार, पांढरे उंचवटे येतात. त्यांना प्रजननगाठी म्हणता येईल. ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने जागच्या जागी राहतात. इकचे ठिपके असे शिस्तीत ओळीने बसत नाहीत. ते मिठाचे कण शिंपडल्यासारखे अंगभर, शेपटीवर, डोळ्यांवरसुद्धा येतात आणि त्यांची जागा व संख्या रोज बदलते. काल गालावर तीन होते आणि आज शेपटीवर बारा आहेत, असे झाले तर इक. परवा, काल आणि आज तेच ठिपके त्याच जागी असतील तर इक नव्हे.

मासा आजारी आहे, यात वाद नाही. पण तो अमोनियाने आजारी आहे. तुमच्या आकड्यांचा अर्थ लावू. चाचणीत दिसतो तो एकूण अमोनिया. त्याचा काही भाग मुक्त स्वरूपात असतो आणि तोच कल्ल्यांना जाळतो. उरलेला अमोनियम स्वरूपात असतो आणि तो बराच सौम्य असतो. २५ अंशांवर पीएच ७ असेल तर मुक्त भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ असेल तर सुमारे ५ टक्के. म्हणजे तुमच्या २ मिलिग्रॅमपैकी ०.१ मिलिग्रॅम मुक्त आहे, आणि ०.०५ च्या वर कल्ल्यांना इजा होऊ लागते असे धरतात. पाणी बदलण्याआधी हा आकडा ०.२ होता. आणि आता तापमान ३० अंशांवर नेण्याच्या सल्ल्याकडे पाहा: तापमान वाढले की मुक्त अमोनियाचे प्रमाण आणखी वाढते, माशाची प्राणवायूची गरज वाढते, आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू राहतो, ३० अंशांना ७.६. ज्या माशाचे कल्ले आधीच भाजलेले आहेत, त्याला ही तूट झेपणार नाही.

बुडबुडा

मी घाई केली, हे मान्य आहे. प्रजननगाठींविषयी मला खरोखरच माहिती नव्हती. पण प्रतिजैविकाने नुकसान तरी काय होईल, हे समजावून घ्यायला आवडेल.

जुनी टाकी

नुकसान असे, की कुठल्या जिवाणूचा संसर्ग आहे आणि तो मुळात आहे का, हे ठाऊक नसताना दिलेली कॅप्सूल फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही चालू शकते. आपण आत्ता ज्यांना जगवण्याची धडपड करतो आहोत, तेच हे जिवाणू. शिवाय माणसाच्या औषधाची माशांसाठीची मात्रा अंदाजाने ठरवली की ती बहुधा अपुरी पडते, आणि अपुऱ्या मात्रेतून टिकून राहिलेले जिवाणू त्या औषधाला पुढे दाद देत नाहीत. जवळ माशांचे पशुवैद्य उपलब्ध असतील तर प्रतिजैविक त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

काचघर, तुमच्या मापांवरून ७५ गुणिले ३५ गुणिले ३५ भागिले १००० म्हणजे सुमारे ९२ लिटर येतात. खडी आणि काचेची जाडी वजा करता पाणी ८० लिटरच धरा. तुम्ही औषध १०५ लिटरांसाठी मोजले असेल, तर मात्रा तीस टक्क्यांनी जास्तच झाली होती.

पुढच्या काही दिवसांत अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढू लागेल. तो चढला म्हणून घाबरू नका, पण बेसावधही राहू नका. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवतो. रक्त तपकिरी होते, कल्लेही तपकिरी दिसतात, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. यावर मीठ उपयोगी पडते. नायट्राइट आणि मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या एकाच दारातून आत शिरतात, आणि क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइट बाहेर राहतो. ८० लिटरांना ८ ग्रॅम साधे मीठ पुरे आहे. त्यातून सुमारे ६० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइड मिळतो. दुसरे काही न मिसळलेले मीठ घ्या, मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात हळूहळू ओता. खडे थेट टाकले तर मासा ते दाणे समजून तोंडात घेतो. मी हे पाहिले आहे.

काचघर

पाचव्या दिवसाचा वृत्तान्त देतो. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलतो आहे, दुसऱ्या दिवशी मात्र अर्धे बदलले. अमोनिया आज सकाळी ०.५, नायट्राइट १. कालपासून ८ ग्रॅम मीठ घातले आहे. केशरी मासा पृष्ठभागावर येणे थांबले असून त्याने पर उघडले आहेत. पांढऱ्या-लालच्या शेपटीत बारीक लाल रेषा दिसत होत्या, त्या फिकट झाल्या. एक शंका आहे: रोज पाणी बदलल्याने नव्याने वाढणारे जिवाणू वाहून जात नाहीत का? आणि मीठ दर वेळी नव्याने ८ ग्रॅम घालायचे का?

शेवाळवेडी

जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजला, खडीला आणि काचेला चिकटून असतात, त्यामुळे पाणी निर्धास्त बदला. मीठ मात्र तरतमाने घाला. मीठ उडून जात नाही, ते पाण्याबरोबरच बाहेर जाते. २० लिटर काढलेत तर चौथा हिस्सा गेला, म्हणून २ ग्रॅम परत घाला. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना काहीच घालायचे नसते. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबून काढायचा. तो मळकट दिसणारच, आणि तसाच बरा.

एखाद्या निरोगी आणि जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, आठवडे वाचतील. मात्र त्या टाकीत अलीकडे कुणी आजारी नव्हते, याची खात्री करून घ्या.

तळवाळू

मी बराच काळ केवळ वाचक आहे, पण एक विनंती. पांढऱ्या ठिपक्यांचा शोध घेत इथे येणाऱ्यांपैकी काहींच्या माशांना खरोखरच इक झालेला असेल. त्यांच्यासाठी त्या उपचाराची रीत कुणी सविस्तर लिहील का? मी दोनदा उपचार केले आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात ठिपके परतले.

जुनी टाकी

ठिपके परतण्याचे कारण त्या परजीवीच्या जीवनक्रमात आहे. इकचा जीव माशाच्या त्वचेच्या आत, पातळ पापुद्र्याखाली बसून वाढतो. तो ठिपका आपल्याला दिसतो आणि तिथे कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात. कवच फुटून ती पोहत बाहेर पडली, की त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध चालते ते केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले तर तो औषधाचा गुण नसतो. परजीवी पिकून गळले एवढेच. तळवाळू, तुम्ही बहुधा नेमके तेव्हाच औषध थांबवले असणार. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंड पाण्यात महिनाही लागतो. त्यामुळे उपचार शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान आठवडाभर चालू ठेवावा लागतो, आणि तोही संपूर्ण टाकीवर. कारण आजारी मासा वेगळा काढला तरी कवचे तळाच्या खडीत असतातच.

गोल्डफिशसाठी माझी पहिली पसंती मिठाला आहे. इथे मात्रा नायट्राइटच्या मात्रेहून कितीतरी मोठी असते: लिटरला ३ ग्रॅम. म्हणजे ८० लिटरांना २४० ग्रॅम, पण एकदम नव्हे. ८० ग्रॅमचे तीन हप्ते, दोन हप्त्यांत बारा तासांचे अंतर ठेवून. दोन आठवडे हे प्रमाण राखायचे आणि दर एक-दोन दिवसांनी तळाची खडी नळीने ओढून साफ करायची, म्हणजे कवचे बाहेर जातात. वनस्पती आणि गोगलगायी आधी काढून घ्या. त्यांना हे मीठ सोसत नाही. कॅटफिश आणि लोच यांच्यासारखे मासेही मीठ आणि रंगीत औषधे यांच्या बाबतीत नाजूक असतात. मॅलाकाइट ग्रीनची औषधे इकवर गुणकारी आहेत, परंतु हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत, आणि कोणतेही औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा. मी पहिल्या खेपेला कोळसा तसाच ठेवला आणि सहा दिवस पदरचे औषध त्यालाच पाजत बसलो.

बुडबुडा

म्हणजे माझ्या टाकीत तापमानाने काम झाले ते चुकून?

जुनी टाकी

नाही, चुकून नव्हे. ३० अंशांवर बहुतेक प्रकारच्या इकची वाढ खुंटते, आणि उष्ण पाण्यातल्या माशांसाठी, जोरदार हवेची सोय करून, तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी चढवत नेले तर ही चांगली रीत आहे. फक्त निदान पक्के हवे. कॉलमनारिस नावाच्या जिवाणूजन्य रोगातही माशाच्या तोंडावर किंवा पाठीवर पांढुरका थर येतो, पाठीवर तर खोगीर ठेवल्यासारखा, आणि अनेकजण त्याला बुरशी समजतात. उष्ण पाण्यात तो रोग अधिक वेगाने पसरतो. इक समजून त्या टाकीचे तापमान वाढवले तर दोन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते.

शेवाळवेडी

सर्वांसाठी एक सूचना. हाताला जखम असेल तर आजारी टाकीत उघडा हात घालू नका आणि नळीत पाणी ओढायला तोंड लावू नका. माशांमध्ये क्षयाच्या जिवाणूचा एक भाऊबंद आढळतो, मायकोबॅक्टेरियम मरायनम. जखमेतून तो माणसाच्या त्वचेत शिरतो आणि त्याच्या गाठी बऱ्या व्हायला महिने लागतात. हातावर अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना मासे पाळत असल्याचे आवर्जून सांगा.

काचघर

चोविसावा दिवस. अमोनिया आणि नायट्राइट गेले चार दिवस शून्य आहेत, नायट्रेट २० आहे. दोन्ही मासे दाण्यांवर तुटून पडतात. गालांवरचे ठिपके जसेच्या तसे आहेत. आता मी त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो.

मात्र कालपासून नवीच चिंता लागली आहे. केशरी मासा पांढऱ्या-लालचा टाकीभर पाठलाग करतो, तिच्या (आता ‘तिच्या’ म्हणायला हवे) पोटाशी तोंडाने ढुशा देतो आणि तिला वनस्पतींत दाबतो. ती दमलेली दिसते. आज सकाळी वनस्पतींच्या पानांवर टाचणीच्या डोक्याहून लहान, पिवळसर पारदर्शक मणी चिकटलेले दिसले.

शेवाळवेडी

ती अंडी आहेत. मादीला विश्रांती मिळावी म्हणून टाकीत दोन-तीन दिवस जाळीचा आडपडदा लावा. नर तिला उसंत देणार नाही. अंडी टाकीत राहिली तर दोघे मिळून आजच संपवतील, तेव्हा पिल्ले हवी असतील तर ती पाने तशीच उचलून वीस लिटरच्या साध्या टबात, टाकीच्याच पाण्यात ठेवा. टबात फिल्टर नको, फक्त एक मंद एअरस्टोन. पाण्याच्या तापमानानुसार साधारण चार-पाच दिवसांत अंडी फुटतील. न फळलेली अंडी दुधी पांढरी पडून त्यांना बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते, म्हणून अशी अंडी रोज काढून टाका.

बुरशी रोखण्यासाठी टबातल्या पाण्याला फिकट निळी छटा येईल एवढे मिथिलिन ब्लू घाला. तुमची ती बाटली टाकून दिली नसेल, अशी आशा आहे.

काचघर

बाटली आहे, निम्मी भरलेली. टब भरायला घेतला आहे. या वेळी पाणी आधी मोजले: बरोबर १८ लिटर.